डाव्या डोळ्याची बंदूक

एप्रिलमधल्या त्या रविवारी मी हवेत उडवलेल्या पंचवीस मातीच्या तबकड्यांवर पंचवीस बार काढले आणि पंचवीसच्या पंचवीस तबकड्या सुखरूप गवतात उतरल्या. नेम चुकणं एक वेळ समजू शकतं. माणूस आहे, चुकतो. पण बार संपल्यावर बीव्हनांची आजी हातात टोपली घेऊन उतारावर गेली, गवतातली एकेक तबकडी उचलून एप्रनला पुसली आणि परत येऊन सगळ्यांदेखत मला म्हणाली, "मिस्टर पर्स्लो, तुमच्यासारखा काटकसरी पाहुणा बघितला नाही हो! सगळ्या पुन्हा वापरता येतील."

बीव्हन मंडळी म्हणजे माझे होणारे व्याही. माझी बेथन त्यांच्या एडविनशी सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी लग्न करणार होती. हेरफर्डशायरात त्यांची पिढीजात शेती, मेंढरं आणि सफरचंदाच्या बागा. त्या घरात मूल चालायला लागायच्या आधी बंदुकीच्या आवाजाला सरावतं. मी लडलोच्या काउन्सिलात पाऊलवाटांच्या खात्यात हेडक्लार्क. कुणाच्या शेतातून लोकांना चालत जायचा हक्क आहे, हे नकाशावर तांबड्या शाईनं दाखवायचं, हे माझं काम. शेतकऱ्याला माझ्या खात्यातला माणूस दिसला की कुत्रं सोडावंसं वाटतं. तरी ऑब्रे बीव्हननं, म्हणजे एडविनच्या वडिलांनी, मला प्रेमानं जवळ बसवलं, घरची सफरचंदाची दारू, सायडर, पाजली आणि हळूच सांगितलं, "गॉडफ्री, आमच्याकडे एक रीत आहे. लग्नाच्या दिवशी सकाळी नवरीचा बाप पहिली तबकडी फोडतो. आता सक्ती वगैरे काही नाही हं."

"सक्ती नाही" हे ज्या आवाजात म्हणतात त्याच आवाजात सक्ती असते, हे मी काउन्सिलात एकतीस वर्षं काढून शिकलो आहे.

परतीच्या वाटेवर गाडीत मी डिलिसला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं, "दोष त्या बंदुकीचा होता. उसनी बंदूक ती. उसन्या बुटांनी कुणी पळतं का? मी स्वतःची बंदूक घेणार."

"घे की," ती म्हणाली. "आधी चष्मा बदल."

पण बंदूक घ्यायची म्हणजे कुठली, हा प्रश्न होता. मी सोमवारी फक्त शेजारच्या नॉरिस टिबिट्सला विचारलं आणि बुधवारपर्यंत गावातल्या प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. नॉरिसनं आयुष्यात पाण्याच्या पिचकारीखेरीज काही हातात धरलेलं नाही, पण त्याचा एक मामा स्कॉटलंडमध्ये कुणाच्या तरी इस्टेटीवर माळी होता, त्यामुळे हा विषय त्यांच्या घराण्यातला. तो म्हणाला, "दोन नळ्या शेजारी शेजारी असलेलीच घे. सभ्य माणसाची बंदूक ती." खाटीक म्हणाला, "छे! एकावर एक नळी हवी. शेजारी शेजारी नळ्या म्हणजे आजोबांची दाढी. दिसायला बरी, उपयोग काय?" पाद्रीबुवा म्हणाले, वीस बोअरची, म्हणजे बारीक नळीची हलकी घ्या, खांद्याला धक्का बसत नाही. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, बारा बोअरच घ्या, नाहीतर लोक हसतील. सगळ्यात कहर माझ्या दंतवैद्यानं केला. हा स्वतः दर रविवारी तबकड्या फोडणारा. त्यानं माझ्या तोंडात दोन आरसे, एक नळी आणि स्वतःची चार बोटं घातली आणि मग बत्तीस इंची नळीचे फायदे सांगायला सुरुवात केली. मला अठ्ठावीस इंचीबद्दल शंका होती. पण मी "आँ" म्हटलं की तो म्हणायचा, "बघा, तुम्हालाही पटलं!"

मी एका वहीत सगळ्यांचं म्हणणं टिपून ठेवलं. सरकारी नोकराला टिपून ठेवलं की काम अर्धं झाल्यासारखं वाटतं.

आमच्याकडे बंदुकीच्या आधी पोलिसांचा परवाना लागतो. परवान्याला फॉर्म लागतो, फॉर्मला फोटो, डॉक्टरचा कागद आणि एक हमीदार, जो तुम्हाला दोन वर्षं तरी ओळखतो आणि तुम्ही डोकं ठिकाणावर असलेले गृहस्थ आहात असं सांगतो. आयुष्यभर मी लोकांचे फॉर्म परत पाठवले होते. आता माझा परत आला. कारण काय, तर फोटोत मी हसत होतो. दुसरा परत आला, त्यात मी फार गंभीर होतो म्हणून नव्हे, तर सही चौकटीच्या बाहेर गेली होती म्हणून. तिसरा मात्र मी अशा शिस्तीनं भरला की तो बघून मलाच स्वतःला बढती द्यावीशी वाटली. हमीदार म्हणून नॉरिसचं नाव घातलं. एकोणीस वर्षांचा शेजार, दुसरं कोण?

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी मी बंदुकीचं कपाट भिंतीला बसवायला घेतलं.

हे कपाट पोलादी असावं लागतं आणि पक्क्या भिंतीला बोल्टांनी जखडावं लागतं. आमचं घर ओळीतलं, शंभर वर्षांपूर्वीचं. माझ्या मते त्यात पक्की भिंत एकच, ती आमच्यात आणि नॉरिसमध्ये. मी मोजमाप केलं, पेन्सिलनं चार खुणा केल्या आणि ड्रिल लावलं. पहिली तीन भोकं झकास पडली. चौथ्याला भिंत जरा मऊ लागली. मला आनंद झाला. मी जोर दिला आणि ड्रिल मुठीपर्यंत आत गेलं. मग पलीकडून आधी काहीतरी खळकन फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ नॉरिसचा.

मी भोकाला डोळा लावला. पलीकडून नॉरिसचा डोळा.

"गॉडफ्री," भोक म्हणालं, "आमच्या बाबांचा बॅरोमीटर होता तो."

"हवा कशी दाखवत होता?" मी विचारलं. माणूस घाबरला की काय बोलेल सांगता येत नाही.

दोन दिवसांनी पोलिसांचा हमीदाराचा कागद नॉरिसकडे आला. नॉरिस खोटं बोलत नाही, आणि थोडक्यातही बोलत नाही. 'अर्जदाराच्या स्वभावाविषयी आणखी काही' या रकान्यात त्यानं जागा पुरली नाही म्हणून मागचं पान वापरलं. शांत, निर्व्यसनी, वेळेवर कर भरणारा गृहस्थ. कुंपणाच्या झुडपावरून दोनदा वाद, दोन्ही वेळा चूक त्याची. अलीकडे भिंतीतून आरपार जाण्याची प्रवृत्ती दिसते.

जुलैत प्रोबर्ट नावाचे पोलीस अधिकारी घरी आले. उंच, मिशीवाले, चहात तीन चमचे साखर घालणारे. त्यांनी नॉरिसचा कागद टेबलावर पसरला, त्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं. मी भोक दाखवलं. त्यांनी भोकातून बघितलं. पलीकडे नॉरिस त्यांचीच वाट बघत बसला होता. त्यानं हात हलवला.

"कपाट दुसऱ्या भिंतीला लावा," प्रोबर्ट म्हणाले. "चुलीच्या बाजूची भिंत दगडी आहे. बरं, कपाटाची चावी कुठे ठेवणार ते फक्त तुम्हालाच माहीत असलं पाहिजे. घरातल्या कुणालाही कळता कामा नये. बायकोलासुद्धा नाही."

"अर्थात," मी म्हणालो. "आत्ताच अशा जागी ठेवलीय की..."

"मुरंब्याच्या बरणीमागे," डिलिस स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्याआधी बागेच्या बुटात होती. त्याआधी आमच्या आत्याच्या फोटोमागे. मुरंबा मी करते हो साहेब. बरणी मला कळणार नाही का?"

प्रोबर्टनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग मला आकड्यांचं कुलूप असलेली छोटी पेटी आणायला सांगितली. "आकडा असा निवडा," ते म्हणाले, "जो तुमच्या बायकोला माहीत नाही." एकतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला माहीत नसलेली गोष्ट शोधायला मला आठवडा लागला. शेवटी एक सापडली. ती मी इथेही लिहीत नाही.

परवाना हातात आला तेव्हा ऑगस्टची नऊ तारीख होती. लग्नाला पाच आठवडे. घोडामैदान जवळच होतं आणि घोड्याचा पत्ता नव्हता.

बंदुकांचं दुकान बाजारामागच्या चढावर आहे. अरुंद दर्शनी खिडकी, आत तेलाचा आणि लाकडाचा वास. दुकान एनिड गार्बेट या बाईंचं. वय चौऱ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याइतकी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि बोटांच्या पेरांत कायमची काळी रेघ. वडिलांच्या बाकड्यावर चौदाव्या वर्षापासून काम शिकलेल्या. मी वही उघडली आणि सगळं वाचून दाखवलं. नळ्या, बोअर, इंच, दंतवैद्याची शिफारस, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधे एकदा चष्मा पुसला.

"झालं?"

"झालं."

"यातलं बंदूक चालवणार कोण? पाद्रीबुवा की खाटीक?"

"मी."

"मग तुमच्याबद्दल यात काहीच कसं नाही?" त्या काउंटरच्या बाहेर आल्या आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. "दोन्ही हात पुढे ताठ करा. दोन्ही पंजे जोडून मधे लहान खिडकी करा. त्यातून माझं नाक बघा. दोन्ही डोळे उघडे हवेत."

मी बघितलं. त्या माझ्या खिडकीतून माझ्याकडेच बघत होत्या.

"तुमचा डावा डोळा दिसतोय मला."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही डाव्या डोळ्याचे. बंदूक कुठल्या खांद्याला लावली होती?"

"उजव्या. मी अठ्ठावन्न वर्षं उजवाच आहे, बाई."

"हातांनी, हो. डोळ्यानं नाही. बंदूक उजव्या खांद्यावर आणि बघणारा डोळा डावा, म्हणजे गाडी हाकतो एक आणि लगाम दुसऱ्याच्या हातात. छर्रे डावीकडे गेले असणार. पंचवीसच्या पंचवीस, वावभर डावीकडे."

 मग ज्या गोष्टीनं मला एप्रिलपासून झोप नव्हती ती मी बोललो. "म्हणजे मी अगदीच टाकाऊ नेमबाज नाही?"

"टाकाऊ?" गार्बेटबाई म्हणाल्या. "अहो, पंचवीस वेळा तुम्ही नेमका एकाच जागी नेम मारलात. तिथे तबकडी नव्हती, एवढंच."

कुणाच्या तरी पायाशी बसून रडावं असं मला शाळेनंतर पहिल्यांदाच वाटलं.

मग त्यांनी एक विचित्र बंदूक काढली. तिच्या दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाला, सांधे आणि स्क्रू होते, ती कशीही वाकायची, लांबायची, आखूड व्हायची. ती बार काढायला नव्हतीच, ती मापाला होती. शिंप्यानं कोटाचं माप घ्यावं तसं त्यांनी माझं माप घेतलं. मान, गाल, दंडाची लांबी. "लावा खांद्याला. डाव्या. खाली करा. पुन्हा लावा. डोळे मिटून लावा. आता उघडा." दर वेळी अर्धा फेरा स्क्रू. विसाव्या वेळी मी डोळे उघडले तर नळीच्या टोकावरचा मणी त्यांच्या डोळ्याच्या बाहुलीवर बरोबर येऊन बसला होता. मी काहीच केलं नव्हतं. बंदूकच माझ्याकडे चालत आल्यासारखी वाटली.

भिंतीवर एक देखणी बंदूक टांगलेली होती. चापापाशी तितर कोरलेले, दस्त्याच्या लाकडात धुरासारखी वळणावळणांची नक्षी. मी आल्यापासून तिच्याकडेच बघत होतो. ती बीव्हनांच्या अंगणात मी काढतोय, हे चित्रही मनात तयार होतं.

"ती नाही," बाई पाठमोऱ्या असतानाच म्हणाल्या आणि खालच्या रॅकमधून एक साधी, ओरखडे पडलेली, एकावर एक नळीची जुनी बंदूक उचलली. "ही."

"ही? हिच्यावर तर..."

"बंदुकांचे दस्ते सहसा उजव्यांसाठी किंचित उजवीकडे वळवलेले असतात. तुम्हाला डावीकडे वळलेला हवा. म्हणजे लाकूड वाकवावं लागणार. त्या नक्षीवालीची मान वाकवायला गेले तर तिथेच मोडेल. हिच्या मानेतले धागे बघा, सरळ आहेत. ही ऐकेल. बहुतेक."

"बहुतेक?"

"लाकूड आहे ते, मिस्टर पर्स्लो. त्याचंही मत असतं."

त्या गुरुवारी मी अर्धी रजा टाकून ते बघायला गेलो. आयुष्यात मी खूप सभा, उद्घाटनं आणि एकदा राणीसाहेबांची मोटार बघितली आहे, पण इतका वेळ श्वास धरून काही बघितलं नव्हतं. बाईंनी दस्त्याच्या मानेला कापड गुंडाळलं, शेगडीवर जवसाचं तेल तापवलं आणि पळीपळीनं त्या कापडावर सोडत राहिल्या. अर्धा तास. पळी, थांबा, पळी. मग दस्ता शिकंज्यात धरून स्क्रूला केसभर पीळ. पुन्हा तेल. पुन्हा केसभर.  एकदा लाकडातून 'टक्' असा बारीक आवाज आला.  बाई थांबल्या, वाकल्या आणि डॉक्टरनं छातीला लावावा तसा कान लाकडाला लावला. कितीतरी वेळ.

"काय म्हणतंय?" मी कुजबुजलो.

"थोडा वेळ द्या म्हणतंय." आणि त्या स्टूल ओढून बसल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यांनी बोटानंच परत पाठवलं. मग शेवटचा पीळ. संध्याकाळी शिकंजा सैल केला तेव्हा त्या साध्या बंदुकीची मान माझ्याकडे वळलेली होती. एवढीशी. पण माझ्याकडे.

पुढच्या रविवारी त्या मला गावाबाहेरच्या जुन्या खाणीतल्या मैदानावर घेऊन गेल्या. आधी स्वतः माझ्या बंदुकीनं दहा बार काढले, तेही त्यांच्या खांद्याच्या मापाची नसताना. "सोड!" म्हणायच्या, तबकडी उडायची आणि आकाशात काळा धुरळा उरायचा. घाई नाही, दिखावा नाही. घरातले दिवे मालवत जावं तशा त्या तबकड्या मालवत गेल्या. दोन तरण्या नेमबाजांनी आदरानं टोप्या काढल्या. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

माझी गत निराळी. अठ्ठावन्न वर्षांची सवय काही तेलानं वाकत नाही. डावा खांदा अंगवळणी पडावा म्हणून मी बागेत झाडू घेऊन दिवसाला शंभर वेळा तो खांद्याला लावू लागलो. नॉरिस कुंपणावरून बघायचा. "मामा उजव्या खांद्याला लावायचा," तो म्हणायचा. "माळी होता ना तो?" मी म्हणायचो. "झाडूच असेल मग तो," नॉरिस विचार करून म्हणायचा. बाईंच्या सांगण्यावरून मी दात घासणं, कुलूप उघडणं, चहा ओतणं, सगळं डाव्या हातानं सुरू केलं. त्यातला चहा पाद्रीबुवांच्या मांडीवर गेला. ते "प्रभू!" म्हणाले, पण प्रार्थनेचा सूर नव्हता. चार आठवड्यांत मी पंचवीसांत नऊपर्यंत पोचलो. एकदा अकरा. बाई म्हणाल्या, "पुरे. आता लग्नाला जा." मी म्हणालो, "तुम्हीही या." त्या म्हणाल्या, "लग्नात घालायला माझ्याकडे टोपी नाही." डिलिसनं तिची जांभळी टोपी दिली.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता बीव्हनांच्या कुरणात तीसेक मंडळी जमली. पुरुष लग्नाच्या लांब कोटात, पायात चिखलाचे बूट. ऑब्रे बीव्हन मधोमध, हातात वडिलांची बंदूक. मी माझी साधी बंदूक काढली आणि डाव्या खांद्याला लावली.

"दुसरा खांदा, गॉडफ्री!" ऑब्रे ओरडला.

"उजवा हो, उजवा!" चार-पाच जण ओरडले. कुणीतरी दयेनं म्हणालं, "घाबरलाय बिचारा."

 मी "सोड!" म्हणालो, तबकडी उडाली आणि ऐन वेळी मी दोन्ही डोळे घट्ट मिटले. बार झाला. तबकडी आरामात कुरणापलीकडे गेली. कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

"दोन असतात," मागून गार्बेटबाईंचा आवाज आला. नेहमीचाच, दुकानातला. "नळ्या दोन आहेत. डोळे उघडून."

मी पुन्हा "सोड!" म्हणालो. तबकडी डावीकडून वर चढली. मी तिच्याकडे बघितलं, फक्त तिच्याकडे, आणि बंदूक आपली आपण गालाशी आली. आकाशात ती होती तिथे एक काळा ढग झाला आणि वाऱ्यानं सफरचंदाच्या झाडांकडे गेला.

कल्ला झाला. एडविननं मला मिठी मारली. पाठीवर इतक्या थापा पडल्या की बंदुकीचा धक्का बरा.  ऑब्रे मात्र माझ्या बंदुकीच्या मानेकडे बघत होता. "ही कुणी वळवली?" त्यानं विचारलं. मी जांभळ्या टोपीकडे बोट दाखवलं.

तो मोठा माणूस आपली बंदूक घेऊन बाईंकडे गेला आणि मी मागे असल्यानं मला ऐकू आलं. "बाई, तीन वर्षं झाली. माझे नेम चुकतायत. घरात सांगतो गुडघा दुखतो म्हणून. मला वाटलं, संपलो आपण."

"हात पुढे करा," बाई म्हणाल्या. "खिडकी करा. माझं नाक बघा." त्यानं बघितलं. "डोळ्यांची अदलाबदल झालीय तुमची. वयानं होते कधी कधी. बाकीचे तुम्ही मला ठीकच दिसताय."

 ऑब्रे बीव्हन असा हसला की पलीकडच्या शेतातली मेंढरं पळाली. पाच मिनिटांत बीव्हन घराण्याची रांग लागली होती. काका, पुतणे, नवरदेव, सगळे लांब कोटात, हात पुढे करून पंजांच्या खिडकीतून गार्बेटबाईंचं नाक बघत होते. बाई एकेकापुढून जात, "उजवा. उजवा. डावा. तुम्ही हलू नका हो. उजवा," असं सांगत होत्या. चर्चची घंटा वाजायला लागली तरी कुणी जागचं हलेना. शेवटी डिलिसनं येऊन सगळ्यांना हाकललं.

मी बूट बदलून चर्चच्या दारात पोचलो तेव्हा बेथन पांढऱ्या झग्यात उभी होती. माझ्या कोटाला दारूचा वास येत होता, बंदुकीच्या. तिनं माझ्या हातात हात घातला. आत ऑर्गन सुरू झाला, सगळे उठून उभे राहिले.

"बाबा," ती कानात म्हणाली, "किती?"

"एक."

"एकच?"

"एकच," मी म्हणालो. "पण पार धुरळा."

ती हसली, आणि आम्ही आत गेलो.